बेस पेपरच्या आधी: इंजिनिअरिंगचं संशोधन-साहित्य डेटाबेसमध्ये शोधायचं कसं

शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्टचे ग्रुप ठरले की लायब्ररीत एकच प्रश्न फिरायला लागतो: "बेस पेपर मिळाला का?" म्हणजे ज्याच्या आधारावर प्रोजेक्ट उभा करायचा तो संशोधन-पेपर. गाईडने विषय दिलेला असतो, पहिला रिव्ह्यू तोंडावर आलेला असतो. मग विषयाचं नाव जसंच्या तसं गुगलवर टाकायचं आणि जी पीडीएफ फुकटात उघडेल तिला बेस पेपर म्हणायचं, असा सरधोपट मार्ग निघतो. पुढची अख्खी ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बांधलेला अहवाल) त्या एका पेपरच्या भरवशावर लिहिली जाते. तो पेपर बरा निघाला तर नशीब.

हा लेख शेवटच्या वर्षाच्या आणि एम.टेक.ला नुकत्याच लागलेल्या मुलामुलींसाठी आहे. उदाहरण सिव्हिलचं घेतो आणि तेच शेवटपर्यंत चालवतो: नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घालून केलेलं काँक्रीट. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटरवाल्यांनी तिथे आपापला विषय घालावा. पायऱ्या बदलत नाहीत.

पायरी 1: आधी वही, मग स्क्रीन

"स्टडी ऑन इफेक्ट ऑफ क्रश सँड ऑन प्रॉपर्टीज ऑफ काँक्रीट" हे प्रोजेक्टचं शीर्षक म्हणून चालेल, शोधण्यासाठी ते कुचकामी आहे. स्टडी, इफेक्ट, प्रॉपर्टीज हे शब्द काँक्रीटवरच्या जवळजवळ प्रत्येक पेपरात असतात, त्यामुळे त्यांनी काहीच गाळलं जात नाही. आधी प्रश्न साध्या मराठीत लिहून काढा: "बसाल्टची क्रश सँड वापरली की काँक्रीटला पाणी जास्त का लागतं, आणि त्यावर उपाय काय?" आता शोधण्यासारखे तीन भाग हाती आले: वाळू, काँक्रीट, आणि पाण्याची गरज, म्हणजे वर्केबिलिटीचा (काँक्रीट किती सहज कालवता-ओतता येतं त्याचा) प्रश्न.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा आणि प्रत्येक भागाखाली तीच गोष्ट सांगणारे सगळे इंग्रजी शब्द लिहा. लोक घाई करतात ती इथेच. साईटवर आपण जिला क्रश सँड म्हणतो ती बऱ्याच पेपरांत मॅन्युफॅक्चर्ड सँड असते, कुठे एम-सँड, कुठे क्रश्ड रॉक फाईन ॲग्रिगेट, अमेरिकन लिखाणात मॅन्युफॅक्चर्ड फाईन ॲग्रिगेट. आपल्या आयएस 383 मध्ये (खडी-वाळूचं भारतीय मानक) तिला क्रश्ड स्टोन सँड म्हटलंय. वर्केबिलिटीच्या रकान्यात स्लम्प, फ्लो, वॉटर डिमांड, रिऑलॉजी. शिवाय कणांच्या आकाराचा रकाना हवाच, कारण पाणी जास्त लागण्याचं कारण बरंचसं तिथे आणि बारीक भुकटीत दडलेलं असतं: पार्टिकल शेप, अँग्युलॅरिटी, मायक्रोफाईन्स (ती बारीक भुकटी).

क्वारी डस्ट हा शब्द मात्र वेगळा लिहून त्याखाली रेघ मारा. क्रशरखाली उरलेली भुकटी आणि नीट चाळून, धुऊन, आकार देऊन बनवलेली वाळू हे दोन निराळे माल आहेत, पण कित्येक पेपरांत ही दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेली दिसतात. शोधताना दोन्ही घ्या, वाचताना वेगळे करा. पेपरात चाळणीचा तक्ता दिला असेल तर 75 मायक्रॉनखाली किती माल गेला ते बघा, म्हणजे लेखकाच्या हातात नेमकं काय होतं ते कळतं.

स्पेलिंगचीही नोंद करा. फायबर, सल्फेट, ॲल्युमिनियम यांची ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंग वेगवेगळी. काही डेटाबेस दोन्ही आपोआप धरतात, पण त्यावर विसंबू नका.

पायरी 2: कुठल्या दारातून आत जायचं

मुलांचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो, कारण लायब्ररीच्या वेबसाइटवर सगळे लोगो एका ओळीत लावलेले असतात. त्यात तीन जाती आहेत.

पहिली जात प्रकाशकाच्या दुकानाची. सायन्सडायरेक्टवर एल्सेविअरची जर्नल्स, स्प्रिंगरलिंकवर स्प्रिंगरची, आयईईई एक्सप्लोरवर मुख्यतः आयईईई या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांच्या संस्थेची, एएससीई लायब्ररीत अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेची. पूर्ण पेपर इथे मिळतो, पण दुसऱ्या प्रकाशकाचा माल दिसत नाही. कॉलेजने आयईईईची वर्गणी भरली आहे म्हणून सिव्हिलची मुलं काँक्रीटवरचे पेपर आयईईई एक्सप्लोरमध्ये शोधत बसतात. पुलावर बसवलेल्या सेन्सरचं काम असेल तर तिथे जरूर जा, वाळूसाठी नको.

दुसरी जात सूचीची: स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि खास इंजिनिअरिंगचं कॉम्पेंडेक्स. इथे पेपर ठेवलेला नसतो, त्याची नोंद असते, पण शेकडो प्रकाशकांची एकत्र. कॉम्पेंडेक्सचं मूळ 1884 सालच्या इंजिनिअरिंग इंडेक्समध्ये आहे. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतले सिव्हिलचे प्राध्यापक जॉन बटलर जॉन्सन यांनी इंजिनिअरांच्या एका नियतकालिकात नव्या लेखांच्या टिपणांची सूची द्यायला सुरुवात केली, तिचंच हे आजचं रूप. तुमच्या संस्थेत कॉम्पेंडेक्स असेल तर ते एंजिनिअरिंग व्हिलेज या नावाखाली सापडेल. ते नाव बघून पुष्कळ जण पुढे निघून जातात.

तिसरी जात गुगल स्कॉलरची. फुकट, अवाढव्य, आणि पहिल्या दिवशी अंदाज घ्यायला उत्तम. पण तिथे कुणी निवड करत नाही. चांगलं जर्नल, कुणाच्या सेमिनारचा रिपोर्ट, पैसे घेऊन काहीही छापणारं मासिक, सगळं एका रांगेत येतं. शिवाय एका शोधाचे हजारापलीकडचे निकाल तो दाखवतच नाही. स्कॉलरच्या सेटिंग्जमध्ये लायब्ररी लिंक्स म्हणून एक जागा आहे, तिथे आपल्या संस्थेचं नाव शोधून टिक करा. संस्थेने तशी सोय केली असेल तर तुमच्या वर्गणीतल्या पेपरांशेजारी लिंक दिसायला लागते.

सिव्हिलवाल्यांसाठी आणखी एक नाव: ट्रिड. अमेरिकेच्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाचा हा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे. रस्ते, पूल, खडी, वाळू यांवरचे सरकारी संशोधन अहवाल त्यात भरपूर आहेत. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या ॲग्रिगेट संशोधन केंद्राने मॅन्युफॅक्चर्ड सँड आणि मायक्रोफाईन्सवर केलेलं काम आपल्या उदाहरणाला अगदी लागू पडतं. असे अहवाल जर्नलमधल्या पेपरांपेक्षा लांबलचक असतात, पण मिक्सचे आकडे आणि चाचण्यांचे तक्ते त्यांत पूर्ण दिलेले असतात.

पायरी 3: आपल्याला काय उघडतं ते आधी विचारा

सरकारी संस्थांमध्ये चित्र आता बदललं आहे. केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेला नोव्हेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळजवळ 13,000 जर्नल्स. केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था तिच्यात येतात. व्यवस्था गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांच्या लायब्ररी जोडणारं केंद्र, बघतं. एल्सेविअर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, आयईईई हे प्रकाशक त्यात आहेत. म्हणजे सरकारी कॉलेजात असाल तर जुन्या सीनियरच्या "आपल्याकडे काही उघडत नाही रे" या माहितीवर जाऊ नका.

खासगी कॉलेजांची परिस्थिती कॉलेजागणिक वेगळी. कुणाकडे डेलनेट (लायब्ररींचं जाळं), कुणाकडे एखाद्या प्रकाशकाचं छोटं पॅकेज. ग्रंथपालांना सरळ तीन प्रश्न विचारा: आपल्याकडे कुठली जर्नल्स पूर्ण उघडतात, कुठल्या सालापासूनची, आणि घरून लॉगिन कसं करायचं. कॅम्पसवर आयपी पत्त्यावरून आपोआप प्रवेश मिळतो. घरून इन्फेड (इन्फ्लिबनेटची लॉगिनची सोय) किंवा कॉलेजने दिलेलं रिमोट लॉगिन लागतं. होस्टेलच्या वायफायवर पेपर उघडला आणि मोबाईल डेटावर तोच पेपर पैसे मागतोय, तर बिघाड काही नाही, फक्त लॉगिन करायचं राहिलंय.

एक ताकीदही ऐकून ठेवा. कसलंसं सॉफ्टवेअर लावून एका रात्रीत जर्नलचे सगळे अंक उतरवायला जाऊ नका. प्रकाशकांच्या करारात याला मनाई असते आणि ते अख्ख्या कॅम्पसचा प्रवेश बंद करू शकतात. मग त्या ग्रुपचं नाव सगळ्या विभागांत होतं, पण हवं तसं नाही.

पायरी 4: शोधाची ओळ बांधा

वहीतले रकाने आता कामाला येतात. एका रकान्यातल्या शब्दांमध्ये "ऑर", दोन रकान्यांच्या मध्ये "अँड", प्रत्येक रकान्याला कंस, दोन-तीन शब्दांच्या नावाला दुहेरी अवतरणचिन्हं. आपली ओळ अशी होते (मी देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं, आणि जोडशब्द कॅपिटलमध्ये):

("मॅन्युफॅक्चर्ड सँड" ऑर "क्रश्ड सँड" ऑर "क्रश्ड स्टोन सँड" ऑर "एम-सँड") अँड (काँक्रीट ऑर मॉर्टर) अँड (वर्केबिलिटी ऑर स्लम्प ऑर रिऑलॉजी ऑर "वॉटर डिमांड")

कंस वगळू नका. कंस नसले तर कुठला डेटाबेस "ऑर" आधी सोडवतो, कुठला "अँड", आणि एकच ओळ दोन ठिकाणी दोन अर्थ सांगते. अवतरणचिन्हंही तितकीच गरजेची. ती नसली की "मॅन्युफॅक्चर्ड" एका वाक्यात आणि "सँड" दुसऱ्या वाक्यात असलेले पेपर येतात. काँक्रीट हा शब्द घातला नाही तर फाउंड्रीतल्या साच्यांच्या वाळूपर्यंत सगळं गोळा होतं.

"नॉट" शक्यतो टाळा. कास्टिंगचे पेपर नकोत म्हणून "नॉट कास्टिंग" लिहिलं, तर काँक्रीटचे क्यूब कास्ट केले असं ॲबस्ट्रॅक्टमध्ये (पेपरच्या सुरुवातीच्या सारांशात) लिहिणारे सगळे कामाचे पेपर गायब होतील.

आता जागोजागचे स्वभाव. स्कोपसमध्ये शीर्षक, ॲबस्ट्रॅक्ट आणि कीवर्ड हे क्षेत्र आधीच निवडलेलं असतं, सुरुवातीला तेच राहू द्या. शब्दाच्या शेवटी तारा (*) लावला की त्याची सगळी रूपं येतात. सायन्सडायरेक्टमध्ये तारा चालत नाही, शोधाच्या एका चौकटीत आठपेक्षा जास्त जोडशब्दही चालत नाहीत (वरच्या ओळीत नऊ आहेत, तिथे एखादा शब्द गाळा), आणि साधा शोध पेपरच्या पूर्ण मजकुरात होतो. म्हणून तिथे निकालांचा आकडा फुगतो. त्याने हुरळूनही जायचं नाही आणि घाबरायचंही नाही, ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये जाऊन शोध शीर्षक, ॲबस्ट्रॅक्ट, कीवर्डपुरता आखडता घ्यायचा. आयईईई एक्सप्लोर मुळातच फक्त नोंदींमध्ये शोधतं, पूर्ण मजकूर हवा असेल तर तसं सांगावं लागतं.

पायरी 5: पहिला चांगला पेपर सापडला की थांबा

लगेच डाउनलोड करू नका. त्याची नोंद उघडून सावकाश वाचा. लेखकांनी दिलेले कीवर्ड एकीकडे असतात आणि सूचीकारांनी लावलेले विषयशब्द दुसरीकडे. कॉम्पेंडेक्समध्ये यांना कंट्रोल्ड टर्म्स म्हणतात. लेखकाने एम-सँड लिहो की क्वारी फाईन्स, सूचीकार त्याला ठरलेला शब्द लावतो, उदाहरणार्थ काँक्रीट ॲग्रिगेट्स. त्या शब्दावर क्लिक केलं की तुमच्या वहीत कधीच आले नसते अशा नावांखालचे पेपर समोर येतात. नवे शब्द रकान्यात लिहा, ओळ सुधारा, पुन्हा शोधा. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की निकालात तेच ते पेपर दिसायला लागतात, तेव्हा समजायचं की शब्द पुरेसे झाले.

सालाची चाळणी उगाच लावू नका. "शेवटच्या पाच वर्षांतलेच पेपर पाहिजेत" अशी अट काही गाईड घालतात. रिव्ह्यूत दाखवायला ते ठीक आहे, पण काँक्रीटसारख्या विषयात पायाभूत काम जुनंच असतं. मशीन लर्निंगच्या विषयाला मात्र ही अट बहुतेक वेळा शोभते. चाळणी लावायचीच तर डॉक्युमेंट टाइपची लावा: आधी फक्त रिव्ह्यू, म्हणजे विषयावरच्या कामाचा आढावा घेणारे पेपर, निवडा. एखादा चांगला रिव्ह्यू पेपर हाती लागला तर आठवड्याचं काम वाचतं.

पायरी 6: मागे चला, पुढे चला

पेपरच्या शेवटच्या संदर्भयादीतून मागे जाता येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढे जाण्याचा रस्ता कमी वापरला जातो. "साइटेड बाय" वर क्लिक केलं की या पेपरचा उल्लेख नंतर कुणी कुणी केला ते दिसतं. यूजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला तो याच कामासाठी, आजचं वेब ऑफ सायन्स त्यातूनच आलं. गुगल स्कॉलरमध्येही ही सोय आहे, आणि तिथे "साइटेड बाय" च्या यादीतच पुन्हा शब्द टाकून शोधता येतं. मायक्रोफाईन्सवरच्या जुन्या अमेरिकन पेपरला साईट करणाऱ्यांमध्ये "बसाल्ट" शोधा, म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडाला लागू पडेल असं काम वर येतं.

पायरी 7: जर्नलबाहेरचं

आयएस कोड बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) वेबसाइटवर नोंदणी करून फुकट मिळतात. झेरॉक्सवाल्याकडची जुनी प्रत वापरू नका. आयएस 383 ची 2016 ची आवृत्ती घ्या. त्याआधीचे पेपर 1970 च्या आवृत्तीवर बेतलेले असतात आणि नंतरचेही बरेच पेपर सवयीने तीच उद्धृत करतात.

कोड हाताशी ठेवायचं एक ठोस कारण सांगतो. आयएस 383 क्रश सँडमध्ये 75 मायक्रॉनखालचा माल 15 टक्क्यांपर्यंत चालवून घेतं. अमेरिकेच्या एएसटीएम सी 33 या मानकात मॅन्युफॅक्चर्ड सँडसाठी, ती भुकटी मातीविरहित असली तरी, मर्यादा 7 टक्क्यांची, आणि काँक्रीट घासलं जाणार असेल तर 5 ची. म्हणजे "हाय फाईन्स" असं शीर्षकात लिहिणारा अमेरिकन पेपर 10 टक्क्यांबद्दल बोलत असेल, तर तो आपल्याकडच्या सर्वसाधारण वाळूबद्दलच बोलतोय. ॲबस्ट्रॅक्ट वाचून हे कधीच कळणार नाही.

प्रबंधांसाठी शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन साठा. तिथला शोध जरा बोजड आहे, पण प्रबंध प्रकरणवार वेगळ्या पीडीएफमध्ये ठेवलेले असतात आणि दुसरं प्रकरण बहुधा लिटरेचर रिव्ह्यूचंच असतं. थेट तेच उघडा. त्यातून पेपरांची नावं घ्या, वाक्यं घेऊ नका. प्लॅगिअरिझम तपासणारी सॉफ्टवेअरही शोधगंगा ओळखतात. पेटंटसाठी एस्पेसनेट आणि भारतीय पेटंट कार्यालयाचं इनपास, यंत्र किंवा प्रक्रियेवर काम करत असाल तरच.

पायरी 8: पेपर उघडत नसेल तर

शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गुगल स्कॉलरमध्ये टाका आणि "ऑल व्हर्जन्स" बघा, लेखकाच्या विद्यापीठाच्या साइटवर प्रत असू शकते. अनपेवॉल हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन कायदेशीर खुली प्रत असेल तर आपणहून दाखवतं. नाहीच मिळालं तर ग्रंथपालांकडे पेपरचा डीओआय, म्हणजे 10 ने सुरू होणारा ओळख-क्रमांक, द्या, डेलनेटसारख्या जाळ्यातून दुसऱ्या लायब्ररीकडून मागवता येतं. लेखकाला चार ओळींचा ईमेल करायलाही लाजू नका, पुष्कळ जण आनंदाने पीडीएफ पाठवतात.

पायरी 9: खरा-खोटा बघा

"स्कोपस इंडेक्स्ड" असं जर्नलने स्वतःच्या वेबसाइटवर लिहिलं म्हणजे झालं असं नाही. स्कोपसची जर्नल्सची यादी वर्गणी नसतानाही बघता येते. तिथे आयएसएसएन (जर्नलचा ओळख-क्रमांक) टाकून तपासा, आणि कुठल्या सालापर्यंत समावेश आहे तेही बघा, कारण जर्नल्स यादीतून काढलीही जातात.

चॅटबॉटने दिलेली संदर्भयादी तर तपासल्याशिवाय वापरूच नका. लेखक खरे, जर्नल खरं, आणि पेपर अस्तित्वातच नाही, असे नमुने सर्रास येतात. शब्दांचे रकाने भरायला त्याची मदत जरूर घ्या. पण प्रत्येक संदर्भाचा डीओआय डीओआयच्या साइटवर टाकून पान उघडतं का आणि तोच पेपर निघतो का ते बघा. पेपर मागे घेतला असेल तर शीर्षकाआधीच तसं लिहिलेलं बहुधा तिथेच दिसतं.

पायरी 10: नोंद ठेवा

झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पहिल्याच दिवशी टाका, ब्राउझरचं बटणही बसवा. पेपरचं पान उघडं असताना ते बटण दाबलं की लेखक, साल, पानं सगळं आपोआप जातं. संदर्भयादीचा साचा गाईडने शेवटच्या आठवड्यात बदलायला सांगितला तरी दोन क्लिकचं काम.

त्याशिवाय एक साधी एक्सेल शीट करा: तारीख, डेटाबेस, शोधाची पूर्ण ओळ, निकाल किती, ठेवले किती. "तुम्ही कसं शोधलंत?" हा प्रश्न एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) हमखास विचारतात, तेव्हा हे पान समोर ठेवता येतं. दुसऱ्या शीटवर एकेका पेपरची ओळ: दगड कुठला, 75 मायक्रॉनखाली किती टक्के, पाणी-सिमेंट प्रमाण, ॲडमिक्श्चर, स्लम्प, 28 दिवसांची ताकद, आणि नमुना क्यूब होता की सिलिंडर. शेवटचा रकाना विसरू नका. त्याच काँक्रीटची सिलिंडरवरची ताकद क्यूबपेक्षा कमी येते, ढोबळमानाने 0.8 पट, आणि अमेरिकन पेपर सिलिंडरचे आकडे देतात तर आपले क्यूबचे. दोन्ही एकाच आलेखावर मांडले तर तुलना फसते.

ओळ पक्की झाली की स्कोपसमध्ये किंवा स्कॉलरमध्ये तिचा अलर्ट लावून टाका. जुलैमध्ये लावला तर मार्चमध्ये ब्लॅक बुक बांधायला टाकेपर्यंत नवे पेपर ईमेलवर येत राहतात. अलर्टसाठी स्वतःचा ईमेल द्या, कॉलेजचा नको, कारण पास आउट झाल्यावर तो बंद होऊ शकतो.